डबी क्रमांक सत्तेचाळीस

गालाच्या आत पांढरी जाळी धरलीय,
क्रोशाची, बारीक,
कुणीतरी फुरसतीनं विणल्यासारखी.
डॉक्टर निलोफर देशमुख आरशानं गाल बाजूला सारतात,
बॅटरी मारतात, फोटो काढतात,
म्हणतात, मावशी, अजून थोडा आ.
रोगाचं नाव सांगितलं होतं त्यांनी.
मला ते बिस्किटाच्या कंपनीचं वाटलं.

लातुरात, गंज गोलाईच्या मागं, माझं मिरची कांडप.
तीस वर्षं जिभेच्या टोकावर ठेवून भाव सांगितला:
ही ब्याडगी, नुसती रंगाची.
ही गुंटूर, हिला अजून दोन उन्हं पाहिजेत.
ही लवंगी, हिच्याशी जरा नीट बोला.
आता वरणात जिरं आलं तरी डोळ्यात पाणी.
सून चाखते,
मी तिच्या तोंडाकडं बघून भाव करते.

मलम सगळ्यांनाच होतं, जुनंच.
मलमाच्या जोडीला एक कॅप्सूल दिली
तर काय फरक पडतो, एवढंच बघायचं होतं.
निम्म्या डब्यांत औषध, निम्म्यांत पीठ.
कुणाच्यात काय, ते डॉक्टरांनाही माहीत नाही.
यादी पाकिटात, पाकीट कपाटात,
किल्ली दुसऱ्याच कॉलेजात.
कागद दोनदा वाचून दाखवला.
कधीपण सोडता येतं, असंपण होतं त्यात.
अंगठ्याची शाई पुढं केली कुणीतरी.
मी पेन मागितला.

दर पंधरा दिवसाला एक रेघ,
पट्टीनं मारलेली, दहा सेंटिमीटर.
ह्या टोकाला काहीच नाही,
त्या टोकाला सोसवत नाही ते.
आता कुठं आहे तिथं फुली मारा.
पहिल्या दिवशी नुसती बसून राहिले,
दुखणं गालात, कागदावर कुठं दाखवू?
मग मनातल्या मनात मिरच्या मांडल्या रेघेवर.
ब्याडगी दोनावर, संकेश्वरी पाचावर,
लवंगी आठाच्या पुढं.
फुली मारली. डॉक्टरांनी पट्टी लावली,
आठ पूर्णांक तीन.
म्हणलं, बरोबर. मापात आहे.

बाकावर शेजारी शिवलिंग अप्पा, उदगीर डेपोचे कंडक्टर.
तोंडात शिट्टी धरवत नाही,
गाडी मागं घ्यायची तर टाळ्या वाजवायलेत.
तिसऱ्या खेपेला कानाशी आले,
"माझी डबी खरी दिसायलीय बाई. काल भजं खाल्लं."
मी माझी डबी पदराखाली घेतली.

तिखटात विटकर कुटून घातली
तर पाण्यात तळाला बसती, हे आमच्या धंद्यातलं.
रात्री एक कॅप्सूल उघडली, पेल्यात सोडली.
खळीसारखं पांढरं हळूहळू खाली गेलं.
बोट बुडवून चाखलं.
कडू नाही, तुरट नाही. पीठ.
राग आला.
गुत्तेदाराच्या पोरानं फसवलं होतं तेव्हा आला होता तसा.

मग तराजूकडं बघत बसले.
एका पारड्यात माल असतो, त्याचं कौतुक होतं.
दुसऱ्यात लोखंड.
लोखंड कुणी घरी नेत नाही
पण ते खोटं निघालं की सगळा बाजार खोटा.

सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकवली नाही.
पाण्यात गेलेली तेवढी सांगून टाकली.
डॉक्टर हसल्या नाहीत, लिहून घेतली.

शेवटच्या खेपेला फुली चार पूर्णांक सहावर.
पिठानं उतरतं का कधी?
मलमानं असंल. तिखट सोडलं त्यानं असंल.
का औषधच पिठासारखं दिसतं पाण्यात,
मी काय डॉक्टर थोडीच.
कागदावर शेवटचा सवाल होता,
तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?
"पीठ," म्हणलं. "पण फुल्या सगळ्या खऱ्या आहेत."
त्यांनी पेन थांबवला. "पाकीट उघडायला दिवाळी होईल, मावशी."
होऊ द्या.

घरी आले. सून आत होती.
पोत्यातली एक ब्याडगी मोडली,
एक बी जिभेच्या टोकावर ठेवलं
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत
उभी राहिले.